जरा बसतो

"आधी वास घे, आक्का. घटाघटा पिऊ नकोस, कोकम सरबत नव्हे ते," असं म्हणत मुकुंदानं पेला माझ्या नाकाखाली धरला.

आतली बिअर फिकट पिवळी होती, हळदीचे हात धुतल्यावर तपेलीत राहतं त्या पाण्याच्या रंगाची. वर बोटभर पांढरा फेस. मी वास घेतला. ओलं गवत, संत्र्याची साल, आणि मागं कुठंतरी कोवळी मेथी निवडताना हाताला येतो तसा हिरवा वास. सांगलीच्या बाईनं, तेही चारचौघांत नाव असलेल्या डॉक्टरच्या बायकोनं, भर दुपारी परक्याच्या अंगणात बसून बिअर हुंगावी आणि तिला ती आवडावी, याचं माझं मलाच हसू आलं.

"आता घोट घे. लगेच गिळू नकोस. जिभेवर फिरव."

"तू मला शिकवतोस होय रे? तुला वरणभात मी भरवलाय."

"म्हणून तर आज मी तुला भरवतोय की."

मी घोट घेतला. आधी नुसतंच कडू लागलं. मग कडूपणा ओसरला आणि पाठोपाठ साधारण मधासारखं काहीतरी आलं. आणि सगळं गिळून झाल्यावर, पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचं दार उघडलं की येतो तसला कोंदट, मातकट वास टाळूला चिकटून राहिला.

"छान आहे रे," मी म्हटलं. "पण शेवटी हे काय लागतं? कोंदट?"

मुकुंदानं खूश होऊन टाळी वाजवली आणि समोर बसलेल्या पेनफोल्डसाहेबांना इंग्रजीत सांगितलं, की माझ्या बहिणीनं पहिल्याच घोटाला ओळखलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ती तळघराची चव, आक्का. ती नसली तर ही या घरची बिअरच नव्हे."

तळघराचं नाव निघालं आणि मी पेला खाली ठेवला.

ही गोष्ट केंटमधल्या एका लहानशा गावातली. माझे यजमान तिकडच्या इस्पितळात होते, आणि लग्नानंतर काही वर्षांनी मी मुकुंदाला शिकायला बोलावून घेतलं. आला होता बायोकेमिस्ट्री शिकायला. एका सुट्टीत हॉप्स तोडायच्या कामावर गेला आणि तिथंच रमला. हॉप्स म्हणजे मांडवावर चढवलेल्या वेलींना येणारी कागदी पाकळ्यांची हिरवी बोंडं. बिअरला कडूपणा आणि वास येतो तो त्यांचा. एरवी ही बोंडं भट्टीत वाळवून वर्षभर वापरतात. पण सप्टेंबरात, तोडणी चालू असताना, एकदाच ती ओलीच्या ओली, सकाळी वेलीवरून काढून दुपारी उकळत्या कढईत टाकतात. त्या वेळची बिअर काही आठवडेच मिळते. संपली की वर्षभर तिचं नाव काढायचं नाही. आपल्याकडे हुरड्याचं जसं असतं, तसंच.

यंदाची ती बिअर मुकुंदानं केली होती. पेनफोल्डसाहेबांचा हा घरचा धंदा, आजोबांपासून चालत आलेला. मूलबाळ नव्हतं. मुकुंदाला ते 'मॅक' म्हणत, कारण 'मुकुंद' त्यांच्या जिभेला वळत नव्हतं. दोन वर्षं त्यांनी त्याच्याकडून पिंपं घासून घेतली, कढया खरवडून घेतल्या, आणि यंदा म्हणाले, कापणीची बिअर तू कर. त्या घरचा एक रिवाज होता. पहिल्या चाखणीच्या दिवशी तळघरातून पहिला जग मालकानं भरून आणायचा. तो संपला, की दुसरा जग ज्यानं बिअर केली त्यानं स्वतः उतरून भरायचा आणि मालकाच्या पेल्यात ओतायचा. मालक प्यायला आणि त्यानं पेला उपडा घातला, की ओतणारा त्या घरचा झाला.

"आणि नाही घातला तर?" मी सकाळी मोटारीत विचारलं होतं.

"तर परत बायोकेमिस्ट्री," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. मुकुंदा सरबताच्या कारखान्यात आहे असं तिला सांगून ठेवलं होतं. तिची काळजी निराळीच होती. दर रविवारी फोनवर ती मला एकच विचारायची, "पोरगा खोल जागेत जात नाही ना?" मुकुंदाला लहानपणापासून विहिरीवर, नदीवर पाठवलं नव्हतं. कृष्णेच्या काठावर वाढलेला मुलगा, पण पोहायला येत नव्हतं. त्याच्या पत्रिकेत पाण्यापासून घात आहे, असं त्याला सांगितलं होतं. तो त्याची थट्टा करायचा. "बिअरमध्ये पाणीच जास्त असतं, आक्का. आईला सांगू नकोस."

आमचे वडील, आण्णा, हार्टनं गेले असंही त्याला सांगितलेलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण त्याला सांगायचं नाही, अशी आईनं मला शपथ घातली होती.

आमची आई मुलांवर हात उगारणारी नव्हे. मुकुंदाला तिनं जन्मात एकदाच मारलं. कॉलेजात असताना मॅच खेळून आला, उंबऱ्यात टेकला आणि म्हणाला, "दमलो गं, जरा बसतो." आई स्वयंपाकघरातून तशीच धावत आली आणि फाडकन त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. मग आत जाऊन रडत बसली. मुकुंदा अजून हा किस्सा रंगवून सांगतो. आमच्या घरात बसायला बंदी आहे, म्हणतो. सगळे हसतात. मीही हसते.

तर त्या दुपारी पेनफोल्डसाहेबांच्या अंगणात लांब लाकडी टेबल मांडलं होतं. शेजारची पाचसहा मंडळी आली होती, सगळी म्हातारी, सगळी मोठ्यानं बोलणारी. पाव, चीज, कांद्याचं लोणचं. ऊन स्वच्छ होतं. सगळं छान होतं, फक्त गांधीलमाश्यांनी जीव नकोसा केला होता. पेल्यात पडत होत्या, पावावर बसत होत्या. एका आजोबांच्या ओठाला डंख बसून तो टरारून सुजला.

"कुठून येताहेत या मेल्या?" असं काहीतरी त्यांच्या भाषेत म्हणत पेनफोल्डबाई उठल्या. मार्जरी त्यांचं नाव. जाड बांध्याच्या, लगबगीच्या, पाहुण्यांना काही कमी पडू नये म्हणून सतत धडपडणाऱ्या. त्यांनी शोध लावला. अंगणाच्या फरशीलगत तळघराचे दोन झरोके होते. खाली बिअर आंबत होती, तिचा गोडसर वास त्या झरोक्यांतून वर येत होता, आणि त्या वासावर माश्यांची झुंबड उडाली होती.

मार्जरीबाईंनी हॉप्सची रिकामी पोती आणली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही झरोक्यांत गच्च कोंबली. वर एकेक वीट लावली. हात झटकत उठल्या आणि म्हणाल्या, "आता बघू कशा येतात."

भोकात पोतं कोंबताना, ते मुठीनं आत दाबताना मी बघत होते. मला ते बघवेना. मी खुर्ची फिरवली आणि दुसरीकडे तोंड करून बसले. पेनफोल्डसाहेबांची माझ्यासारखीच तिकडे पाठ होती. ते सुजलेल्या ओठाच्या आजोबांची टर उडवण्यात गुंतले होते.

माश्या खरंच कमी झाल्या.

"मेजर कुठाय?" कुणीतरी विचारलं. मेजर म्हणजे त्यांचा कुत्रा. म्हातारा, बहिरा, पावाच्या तुकड्यासाठी एरवी टेबलाखालून न हलणारा.

"खाली असेल थंडाव्याला," साहेब म्हणाले. "यंदा खाली गर्दी झाली आहे. बोंडं इतकी आली, की मॅकला दुसरा घाणा लावायला सांगितला. वर जागा नव्हती, म्हणून तो आंबवायचा हौदही तळघरातच ठेवला. आत्ता नुसता उसळतोय. ऐकत राहावं असा आवाज येतो."

पहिला जग संपत आला होता. साहेबांनी तळाशी राहिलेली बिअर माझ्या पेल्यात ओतली आणि रिकामा जग टेबलावर पालथा ठेवला. सगळ्यांनी मुकुंदाकडे पाहिलं.

मुकुंदा उठला. शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. सकाळी त्यानं मला दाखवायला एक हॉपचं बोंड चुरडलं होतं. त्यातून बारीक पिवळी भुकटी निघते. ती त्याच्या बोटांना अजून लागलेली होती. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना, अगदी हळदीसारखी. त्या बोटांनी त्यानं जग उचलला.

"चल, आक्का. जातो मी."

"येतो म्हण."

"येतो, बाई, येतो. बारा पायऱ्या उतरायला कसला गं निरोप?"

तळघराचं दार स्वयंपाकघरामागच्या बोळात होतं. मी त्याच्या मागं गेले. कुणी खाली उतरलं, की वर उभं राहून त्याच्याशी बोलत राहायचं, ही माझी जुनी खोड. लंडनला भुयारी गाडीच्या जिन्यावरही मी त्याच्यामागून "आहेस ना रे?" म्हणत होते आणि तो लाजेनं अर्धा झाला होता.

दारापाशी भिंतीवर एक लोखंडी मेणबत्तीदाणी टांगली होती, वर लांब कडी असलेली. "ही कशाला?" मी विचारलं.

"साहेबांच्या आजोबांची. पूर्वी ती पेटवून आधी खाली सोडायचे म्हणे. आता शोभेला." त्यानं बटण दाबलं. खाली पिवळा बल्ब लागला. "आता बल्ब आहे की."

तो उतरू लागला. दगडी, उभ्या चढणीच्या पायऱ्या. खालून वाफ नव्हे, पण एक जड, कोमट हवा चेहऱ्याला लागली, आणि सोड्याची बाटली फोडल्यावर नाकात जातं तसं झिणझिणलं. मी एक पाऊल मागं सरले.

"आहेस ना रे?"

"आहे की."

"काय करतोयस?"

"अजून पोचलो पण नाही. काय गं तू!" मग त्याच्या पावलांचा आवाज फरशीवर आला. "मेजर बघ कसा आडवा पडलाय. ए मेजर! ऊठ की! वर पार्टी चाललीय." थोडा वेळ गेला. "उठत नाही म्हातारा. ढाराढूर झोपलाय."

"त्याला राहू दे. तू जग भर आणि ये."

"भरतोय. तोटी खाली आहे, वाकावं लागतंय." धार जगात पडल्याचा आवाज आला. "काय गरम होतंय गं इथं. सकाळी नव्हतं एवढं."

"मुकुंदा, झालं का?"

"होतंय. फेसच फार येतोय." त्याचा श्वास मला वर ऐकू येत होता. पळून आल्यासारखा. "फेसच येतोय... नुसता फेस..." आणि तो हसला.

बोळाच्या तोंडाशी मंडळी जमली होती. त्यांनाही हसू ऐकू गेलं. सुजलेल्या ओठाचे आजोबा म्हणाले, "मॅकनं आधी स्वतःचा घसा ओला केलेला दिसतोय." मोठा हशा पिकला. पेनफोल्डसाहेबही हसले. ते साहजिक होतं. बिअरच्या तळघरात माणूस बरळायला लागला, तर दुसरं कुणाच्या मनात काय येणार?

मी बल्बकडे बघत होते. बल्ब छान जळत होता. तो कशाला विझतोय.

"मुकुंदा!"

"ओ..."

"वर ये. जग राहू दे. वर ये आधी."

"येतो की. येतो, येतो..." शब्द एकमेकांत अडकत होते. जग फरशीवर पडला आणि घरंगळत गेला. मंडळी पुन्हा हसली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या गोंगाटात खालून त्याचा आवाज आला. जड, लाडात आलेला, झोपेतला.

"आक्का, जरा बसतो गं."

हे शब्द, हाच आवाज, मी नऊ वर्षांची असताना एकदा ऐकला होता. जमिनीतल्या एका भोकाच्या काठाशी उभी राहून ऐकला होता. तेव्हाही वर माणसं हसत होती.

मी दोन पायऱ्या उतरले. नाक पेटल्यासारखं झालं. मी मागं फिरले. त्याला खाली टाकून फिरले. मागून जाणाऱ्याचं काय होतं तेही मी पाहिलेलं होतं. पेनफोल्डसाहेब माझ्या तोंडाकडे पाहून एकदम गंभीर झाले आणि मला बाजूला सारून उतरायला लागले. मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

"उतरू नका! हवा वाईट आहे. झरोके बंद आहेत. तुमच्या बाईंनी पोती कोंबलीत."

त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आंबणाऱ्या बिअरमधून निघणारी जड हवा तळाशी साठते आणि माणसाचा श्वास कोंडते, हे त्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक होतं. "मार्जरी!" असं ओरडत ते अंगणाकडे धावले.

पण झरोके उघडून हवा खेळायला वेळ लागणार होता, आणि तेवढा वेळ मुकुंदाकडे नव्हता. उभा आहे तोवर तो माझा होता. बसला, की संपलं.

"मुकुंदा, ऊठ!"

"बसू दे की गं..."

"ऊठ म्हणते ना! वर साहेब वाट बघताहेत. तुझी बिअर, मुकुंदा!"

काही नाही. नुसता श्वास आणि हसू. ज्याच्यासाठी त्यानं दोन वर्षं हात झिजवले होते, ते आता त्याच्या कानात शिरत नव्हतं. दारुड्या माणसासारखा तो गोड हसत होता आणि मला ते हसणं कायमचं थांबायच्या आत थांबवायचं होतं. कोणत्या शब्दानं हा माणूस उठेल? मी विचार केला असं म्हणता येणार नाही. तोंडातून निघून गेलं.

"मुकुंदा! सांगलीहून फोन आलाय! आई गेली रे!"

हसणं थांबलं.

"आई गेली! ऐकतोस का? आई गेली आणि तू बसतोस काय? ये वर!"

खूप वेळ काही ऐकू आलं नाही. मग फरशीवर काहीतरी घासलं. मग दगडावर तळहात आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा. तो गुडघ्यांवर, हातांवर चढत होता. मी "आई गेली, आई गेली," असं छाती पिटल्यासारखी ओरडत होते. आता थांबले तर तो थांबेल अशी भीती वाटत होती. बल्बच्या उजेडात आधी त्याचे केस दिसले, मग पिवळी बोटं पायरीची कड धरताना दिसली. बोटं निसटली. पुन्हा धरली. मी दाराची चौकट एका हातानं धरून खाली वाकले आणि त्याची कॉलर पकडली. मागून कुणीतरी मला कमरेला धरून ओढलं. आम्ही सगळे बोळात एकमेकांवर पडलो.

अंगणात हिरवळीवर त्याला निजवलं. ओठ निळसर झाले होते. तो ओकला, मग धाप टाकत राहिला, मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत ओळख आली. पहिले शब्द निघाले ते असे: "कधी गेली?"

"मुकुंदा..."

"कधी गेली आई? सकाळी? तू आधी का नाही बोललीस?" आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता, आणि त्याला रडायला श्वास पुरतोय, याच आनंदात मी काही क्षण त्याला तसाच रडू दिला.

"गेली नाही. बरी आहे ती. मी खोटं बोलले."

तो उठून बसला. माझ्याकडे पाहत राहिला. "असं कुणी बोलतं काय गं? स्वतःच्या आईला?"

"तू उठत नव्हतास."

"म्हणून असलं अभद्र बोलायचं?"

तिकडे साहेबांनी विटा भिरकावून, पोती उपसून झरोके मोकळे केले होते. मार्जरीबाई दोन्ही हात तोंडावर ठेवून टेबलापाशी उभ्या होत्या. सांडलेल्या पेल्यांवर गांधीलमाश्या परत आल्या होत्या आणि त्यांना आता कुणी हाकलत नव्हतं. बऱ्याच वेळानं साहेबांनी भिंतीवरची आजोबांची मेणबत्तीदाणी काढली. मेणबत्ती पेटवली, कडीला दोरी बांधली आणि दारात उभं राहून खाली सोडली. सगळे बघत होते. मुकुंदाही भिंतीला धरून उभा राहिला होता. ज्योत काही पायऱ्यांपर्यंत सरळ राहिली. मग आडवी झाली, आणि कुणी चिमटीत धरावी तशी गप्पकन विझली. बल्ब मात्र तसाच लखलखीत जळत होता. झरोके उघडून इतका वेळ झाल्यावरही खाली हे होतं.

मुकुंदा माझ्याजवळ आला.

"तुला कसं कळलं, आक्का?"

मी त्याला अंगणाच्या पार टोकाला नेलं आणि आईची शपथ मोडली.

"आण्णा हार्टनं गेले नाहीत. हरिपूरच्या पेवात गेले."

पेव त्याला ऐकूनच ठाऊक होतं. हळद साठवायला जमिनीत खणलेली ती खोल जागा, पोटात मोठी आणि तोंडाशी अरुंद. तोंड गवतानं गच्च कोंबून वर माती लिंपायची. वर्षानुवर्षं आत हळद टिकते. मात्र उघडलं की घाई करायची नाही. तोंड दिवसभर मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरतो.

"आण्णा अडत्याकडे हळद पारखायला होते. त्या दिवशी गिऱ्हाईक घाईत होतं. त्याला नमुना लगेच हवा होता. कंदिलात रॉकेल नव्हतं, ते आणायला कुणी थांबलं नाही. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. मला म्हणाले, काठाशी उभी राहा आणि माझ्याशी बोलत राहा. तू दीड वर्षाचा होतास, त्यांनी तुझंच विचारलं. मुकुंदा दूध प्यायला का, म्हणाले. मी सांगत होते. मग ते हसायला लागले. वरची माणसं म्हणाली, आज घेऊन आलेत वाटतं. आण्णांनी कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं रे."

"मग?"

"मग म्हणाले, शैले, जरा बसतो गं."

मुकुंदाचा हात आपोआप गालाकडे गेला. आईनं मारलं होतं त्या गालाकडे.

"काका दोर न बांधता त्यांना काढायला उतरले. तेही आले नाहीत."

तो खाली बघत राहिला, बोटांवरची पिवळी भुकटी अंगठ्यानं चोळत राहिला. ती निघत नव्हती. पुन्हा सोडलेली मेणबत्ती तळापर्यंत जळत राहिली तेव्हा कुठं साहेब उतरले, आणि मग वर आले, तोंडाला ओला फडका बांधलेला आणि हातात हॉप्सच्या पोत्यात गुंडाळलेला मेजर. ते त्याला घेऊन आमच्या समोरून गेले. बागेच्या कडेला पोतं खाली ठेवलं. मग टेबलापाशी आले, स्वतःचा रिकामा पेला उचलला आणि मुकुंदाकडे बघत तो उपडा घातला. ओठांवर बिअरचा थेंब नव्हता. मुकुंदानं मान डोलावली. दुसरा जग त्या वर्षी कुणीच भरला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नेहमीच्या वेळी मी सांगलीला फोन लावला. तिकडे दुपार, आईचं जेवण नुकतंच झालेलं. मुकुंदानं माझ्या हातातून फोन घेतला.

"कसा आहेस रे?"

"बरा आहे, आई."

"आवाज का असा? ताप आहे का? निजून बोलतोयस का?"

"नाही गं. उभा आहे. उभाच आहे, आई. बसलो नाही."

आई म्हणाली, "आक्काला दे."

मी फोन घेतला. तिच्या मागं रेडिओ चालू होता, तो तिनं बंद केलेला मला ऐकू आला.

"त्याला सांगितलंस?"

"हो."

"खाली उतरला होता?"

"हो. पण आला वर. बरा आहे. माझ्यासमोर उभा आहे."

"काय म्हणाला खालून?"

तिला ते माझ्या तोंडूनच हवं होतं. इतकी वर्षं ती या उत्तराची वाट बघत असावी.

"जरा बसतो म्हणाला."



"मग तू काय केलंस?" आईनं विचारलं.

"मी तुला मारलं, आई. तू गेलीस म्हणून ओरडले. तेव्हा कुठं उठला."

आईनं लांब श्वास सोडला.

"बरं केलंस," ती म्हणाली.